सगुणाक्काची निळी चौकट

एका जंगलात एक तळं होतं, आणि त्या तळ्याविषयी एक पान होतं. तळं जुनं होतं, पान नवं होतं. तरीही तळ्यावर जाण्याआधी पान बघायचं, अशी तिथे पद्धत पडली होती.

त्याचं असं आहे, बाळांनो, की त्या जंगलात प्रत्येक प्राण्याकडे एक पाटी होती. काचेची, गुळगुळीत, नख टेकवलं की उजळणारी. या पाट्या जंगलात कुठून आल्या आणि त्यांचं चार्जिंग कुठे व्हायचं, असले प्रश्न विचारायचे नाहीत. गोष्टीतले प्राणी बोलतात तेव्हा नाही विचारत तुम्ही, की यांना मराठी कुणी शिकवलं. तेव्हा गप्प बसून ऐका.

पाटीवर वनकोश उघडायचा. वनकोश म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेली जंगलाची माहिती. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. आंबा कुठे पिकलाय, फास कुठे लावलाय, कुठल्या पोळ्याला हात लावू नये, सगळं त्यात. वाघाचंही एक पान होतं. ते उघडायची कुणाची छाती होत नसे.

तळ्याचं पान मात्र सगळे उघडत. त्यावर साधा मजकूर होता. 'तळं मोठं आहे. पश्चिमेचं पाणी गढूळ आहे. पूर्वेचं पाणी नितळ आहे. पूर्वेच्या काठाला मगर राहते. तिथे पाणी प्यायला जाऊ नका.'

मगरीची ओळ मंजुळा टिटवीनं लिहिली होती. ती तळ्याकाठच्या वाळूतच अंडी घालायची, त्यामुळे तिला सगळं माहीत होतं. संदर्भ म्हणून तिनं खाली आपल्या दिवंगत नवऱ्याचं नाव दिलं होतं. एवढा पक्का संदर्भ अख्ख्या वनकोशात दुसरा नव्हता.

त्या मगरीचं नाव सगुणाक्का. ही गोष्ट तिची आहे.

पान झाल्यापासून अक्काचे हाल चालले होते. सगळं जंगल पश्चिमेला गर्दी करून, एकमेकांच्या पायातला चिखल पीत होतं, पण पूर्वेला कुणी फिरकत नव्हतं. अक्काला मिळायचे ते दोनचार म्हातारे मासे, तेही स्वतःहून मेलेले. पोटात कावळे ओरडत. खरा कावळा खाऊन किती दिवस झाले, तेही तिला आठवत नव्हतं.

आणि समोरच्या काठावर रोज संध्याकाळी बंडोपंत यायचे.

बंडोपंत म्हणजे रानडुक्कर. कंदमुळं आणि चोरलेली रताळी खाऊन इतके गोल झालेले, की बसले आहेत की उभे, ते जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. शिवाय स्वभाव असा, की प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचं. त्यांना बघून अक्काच्या तोंडाला इतकं पाणी सुटायचं, की तळं एखाददुसऱ्या बोटानं चढायचं.

एक दिवस अक्काच्या हाती पाटी आली. ती आधी एका कोल्ह्याची होती. कोल्ह्याचं काय झालं, ते मोठे झालात की सांगेन.

अक्कानं पाटी उजळली, पान उघडलं आणि वाचता वाचता तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बया! माझ्यावर लिवलंय की!"

आधी तिला बरं वाटलं. मग तिनं पुढची ओळ वाचली आणि तिच्या शेपटीची आग मस्तकात गेली. आपण उपाशी का, हे तिला आज कळलं. तिनं नखाच्या एका फटक्यात ती ओळ उडवून टाकली आणि पाण्यात डोळे तेवढे वर ठेवून बंडोपंतांची वाट बघत बसली.

पाण्यावर झुकलेल्या वडाच्या फांदीवरून आवाज आला.

"उलटवलेलं आहे."

फांदीला वामनराव लटकलेले होते. वामनराव म्हणजे वटवाघूळ, वनकोशाचे प्रचालक. कुणी भलतंसलतं लिहिलं की ते पुसून पूर्वीसारखं करायचं, हे त्यांचं काम. दिवसभर ते झोपलेले असत, पण वनकोशात कुणी एका शब्दाला हात लावला, की त्यांच्या कानाला कळे.

"काय उलटवलं?" अक्कानं विचारलं.

"आपण केलेला बदल. संदर्भ असलेला मजकूर काढता येत नाही."

अक्कानं मग 'मगर राहते'च्या जागी 'मगर राहत होती' असं केलं. वामनरावांनी तेही उलटवलं. तिनं 'मगर राहते, पण स्वभावानं गरीब आहे' असं लिहिलं.

"संदर्भ?" वामनराव म्हणाले.

"मी सोताच की! माझा सोभाव मला म्हाईत न्हाई व्हय?"

"स्वतःविषयी स्वतः लिहिता येत नाही. नियम आहे."

"मग दुसऱ्या कुनी लिवायचं म्हनता?"

"आपल्याला जवळून पाहिलेल्या कुणीही."

अक्का विचारात पडली. तिला जवळून पाहिलेलं लिहायच्या अवस्थेत कुणीच उरलेलं नव्हतं.

"हे बघा," वामनराव जांभई देत म्हणाले. "शब्दांना हात लावू नका. बाकी पानाची सजावट करायची तर खुशाल करा. ठळक करा, रंगवा, चौकटी घाला, चित्रं लावा. सजावट सगळ्यांना मोकळी आहे. त्यासाठी मला उठवू नका." आणि त्यांनी पंख अंगाभोवती गुंडाळून घेतले.

वनकोशाचा कारभार असा होता, बाळांनो. एक काना इकडचा तिकडे झाला तर प्रचालक जागे व्हायचे. आणि अख्खं पान डोक्यावर उभं केलं, तरी त्यांची झोप मोडत नसे. ते स्वतःच डोक्यावर असल्यामुळे त्यांना फरक कळत नसावा.

अक्का दात दाखवून हसली. तिला युक्ती सुचली होती.

तिनं पाटीवरचं पेन्सिलीचं चिन्ह दाबलं. पान जसं दिसतं तसंच समोर आलं आणि डोक्यावर बटणांची रांग उभी राहिली. अक्कानं 'पूर्वेचं पाणी नितळ आहे' ही ओळ धरली आणि एक बटण दाबलं. ओळ ठळक झाली. आणखी एक दाबलं. ओळ मथळा होऊन वर जाऊन बसली. मग तिनं मगरीची ओळ धरली, तिची अक्षरं मुंगीएवढी केली, त्यांना फिका राखाडी रंग दिला आणि ती पार तळाशी नेऊन सोडली. मग 'जतन करा' दाबलं. शब्द एकही बदलला नव्हता. वर फांदीवर वामनराव घोरत होते.

"आता येतीलच पंत," अक्का म्हणाली आणि पाण्यात सरकू लागली.

जाता जाता तिनं पानाकडे एकदा वळून पाहिलं. तिथेच तिचा घात झाला.

मथळा छान होता, पण त्याच्याखाली उघडंबोडकं वाटत होतं. एखादं कमळ लावलं तर? अक्कानं आपल्याच काठावरच्या कमळाचं चित्र काढलं आणि लावलं. चित्र बसलं, पण त्यानं मथळ्याला खाली ढकललं. मथळा वर घेतला तर चित्र उडी मारून उजवीकडे गेलं. चित्र डावीकडे आणलं तर मजकूर त्याच्या बाजूनं असा बारीक होऊन वाहू लागला, की एका ओळीत एकच शब्द मावेना. ज्यांनी कधी पानात चित्र बसवलं असेल, त्यांना हे सांगायला नको. ज्यांनी बसवलं नसेल, त्यांच्या सुखात मी बिब्बा घालत नाही.

"ऱ्हा की एका जागी, मुडद्या!" अक्का चित्रावर ओरडली.

चित्रासाठी तिनं चौकट केली. चौकट निळी केली. निळी फार निळी झाली. जरा फिकी केली तर आजारी दिसू लागली. एकदा तर रागाच्या भरात तिनं पाटी तोंडात धरली, कडकन आवाज येईपर्यंत. मग घाबरून हळूच बाहेर काढली आणि पोटाला पुसली.

ऊन कलायला लागलं. अक्का जेवायची विसरली होती. जेवायला काही नव्हतं ते सोडा, पण आजवर ती ते कधी विसरली नव्हती.

तिकडे पश्चिमेच्या काठावर बंडोपंतांनी आपली पाटी उघडली. गळ्यात अडकवून हिंडायचे ते. पानावर ठळक अक्षरांत दिसलं, 'पूर्वेचं पाणी नितळ आहे'.

"अरे वा," बंडोपंत म्हणाले. "म्हणजे आपण इतके दिवस चिखल पीत होतो की काय?"

ते थेट निघाले. वाळूवर अंड्यांवर बसलेल्या मंजुळा टिटवीनं त्यांना पाहिलं आणि ती ओरडली.

"अवं पंत, तिकडं कुठं? अक्का हाय तिथं, अक्का!"

"पानावर नाही तसं काही."

"हाय! खाली बघा, तळाला!"

"तळाला कोण बघतं?" असं म्हणून बंडोपंत पूर्वेच्या पाण्यात शिरले. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या नाकापासून अक्काचा जबडा हातभर लांब होता.

अक्कानं डोळे वर केले. समोर बंडोपंत. अख्खेच्या अख्खे. ज्यांना ती रोज स्वप्नात खायची, तेच, ओल्या पायांचे, मान वाकवून उभे. तिनं जबडा उघडला.

आणि पाटीवर एक सूचना उघडली.

'तुम्ही केलेले बदल अजून जतन झालेले नाहीत. पान सोडून जायचं का?'

अक्का थबकली. आता झडप घातली तर पाटी पाण्यात पडणार, आणि दिवसभराची मेहनत बुडणार. मधोमध आणलेली चौकट, जागेवर राहायला शिकलेलं कमळ, आणि तो निळा, जो आत्ता कुठे जमला होता. तिनं बंडोपंतांकडे पाहिलं. मग चौकटीकडे पाहिलं. चौकट अजून किंचित तिरपी वाटत होती. अशी जतन करायची तिला लाज वाटली.

"पंत," ती म्हणाली.

बंडोपंतांनी मान वर केली. समोर उघडा जबडा, त्यात दातांच्या दोन रांगा. बंडोपंतांनी एक पाय मागे घेतला.

"पंत, वाईच हिकडं बघा की. ही चौकट मदोमद दिसतीया का?"

तिनं पाटी त्यांच्यासमोर धरली. बंडोपंत मरायला टेकले होते, तरी कुणीतरी मत विचारत होतं. त्यांना मत न देता राहवेना.

"थोडी डावीकडे गेली आहे," ते म्हणाले.

"मला वाटलंच!" अक्का म्हणाली. "आता?"

"आता ठीक. पण एक सांगू? वरच्या अंगाला भार फार झालाय. हे ठळक, ते चित्र, सगळं वरच. खाली बारीक काहीतरी आहे ना, तेच मोठं करा. लाल करा, चौकटीत घाला. तोल येईल पानाला."

"खालचं काय?"

"ते काय वाचलं नाही मी. पण जागा चांगली आहे."

अक्कानं लगेच खालची ओळ धरली आणि मोठी केली. लाल केली. तिच्याभोवती जाड चौकट घातली. 'पूर्वेच्या काठाला मगर राहते. तिथे पाणी प्यायला जाऊ नका.' पान असं काही खुललं, की दोघेही मान तिरपी करून बघत राहिले.

"अहाहा," बंडोपंत म्हणाले. "सुंदर."

बाळांनो, अक्काला तेव्हा जे झालं ते सांगतो. आजवर जे जे तिला जवळून भेटले होते, ते किंचाळले होते. सुंदर असं कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं, आणि ते अगदी खरं होतं. पण मगरीच्या डोळ्यांतलं असल्यामुळे बंडोपंतांनी ते मनावर घेतलं नाही. ते पोटभर पाणी प्यायले आणि गेले. अक्कानं 'जतन करा' दाबलं.

रात्री झोपताना तिला आठवलं, की आपण काहीतरी खाणार होतो.

"उद्या खाईन," ती म्हणाली. "पंत काय पळून चाल्लेत व्हय."

दुसऱ्या दिवशी अर्धं जंगल पूर्वेच्या काठावर आलं. चितळं आली, ससे आले, नीलगायी आल्या. लाल चौकटीतली ओळ सगळ्यांनी पाहिली होती. कुणी म्हणालं, लाल किती उठून दिसतोय. कुणी म्हणालं, जरा भडक आहे, पण आहे ते ठीक आहे. ओळीत लिहिलंय काय, हे कुणी विचारलं नाही. एवढ्या देखण्या चौकटीत वाईट बातमी कोण ठेवतं?

मंजुळा टिटवी मात्र कंठ फोडून ओरडत होती. "अरं वाचा की! वाचा!"

"वाचलं, वाचलं," ससे म्हणाले. "फार छान झालंय."

टिटवीनं डोळे मिटून घेतले. आता आरडाओरडा होणार, पाणी लाल होणार, आणि वनकोशाला ढीगभर संदर्भ मिळणार. बराच वेळ झाला, तरी काही ऐकू येईना. तिनं एक डोळा उघडला.

अक्का दगडावर बसून पाटीत तोंड खुपसून होती. तिच्या शेपटीला टेकून एक चितळ पाणी पीत होतं.

"सरक की वाईच," अक्का त्याला म्हणत होती. "उजेड अडतोय."

आता टिटवीची गंमत अशी, की ती नवऱ्याला विसरली नव्हती आणि अंडीही वाळूतच होती. अक्काचं सजवून झालं, की तिला भूक आठवणार, हे तिला कळून चुकलं. म्हणून त्या सकाळपासून तिनं एक नेम धरला. उठायचं, अंडी उलटायची, पाटी उघडायची आणि निळी चौकट चोचीनं किंचित डावीकडे ढकलायची. अगदी किंचित. चूक आहे असं वाटावं, पण कुठे आहे ते कळू नये, एवढीच.

अक्का उठायची आणि पान उघडायची.

"आरं देवा! ही परत सरकली!"

मग चौकट उजवीकडे घेतली की चित्र खाली जायचं. चित्र वर घेतलं की मथळा जायचा. मथळा धरला की दिवस जायचा. संध्याकाळी बंडोपंत येऊन मत द्यायचे, आणि ते आदल्या दिवशीच्या मताच्या नेमकं उलट असायचं. अक्का शेवाळ चघळायची, कारण ते बसल्या जागी मिळायचं. तिचं पोट खपाटीला गेलं. कातडं सैल पडलं. पण पानावर एक दिवस वामनरावांनी स्वतः एक तारा लावला, 'देखणं पान' म्हणून. झोपेत लावला असेल, पण लावला. त्या दिवशी अक्का इतकी खूश झाली, की तिनं जवळच्या सशाला मिठी मारली. ससा बेशुद्ध पडला, मग उठला आणि घरी गेला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, वाघाचा त्रास वाढला. पाण्याला सगळं जंगल एकाच काठाला येतं, हे त्याला कळलं होतं. तो वाटेत दबा धरून बसू लागला. प्राण्यांची सभा भरली. कुणी म्हणालं, जंगल सोडू. कुणी म्हणालं, वाघाला रोज एक प्राणी ठरवून देऊ. बंडोपंतांकडे सगळ्यांनी एकदमच पाहिलं, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं नाही.

मंजुळा टिटवी उठली. एक जादा पाटी तिनं चोचीत उचलली आणि उडत जाऊन वाघाच्या गुहेच्या दारात ठेवून दिली. त्याचंच पान उघडून. त्याच्या चित्रावर तिनं त्याचं शेपूट कापलं जाईल एवढीच चौकट ओढून ठेवली होती.

वाघ गुहेतून बाहेर आला. त्यानं पाटी पाहिली. आपल्या शेपटाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं.

"हे कोणी केलं?" वाघ गरजला.

झाडांआड लपून सगळे बघत होते. वाघानं पंजा उचलला. तो पाटी फोडणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं पंजा पेन्सिलीच्या चिन्हावर ठेवला.

पाऊसपाणी झालं, पानं गळली, पुन्हा आली. एका संध्याकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठाला एक हडकुळा, केस विस्कटलेला प्राणी आला. त्याचे पट्टे दिसत होते म्हणून तो वाघ आहे हे कळलं. पाटी छातीशी धरलेली.

"अक्का," तो दबकत म्हणाला. "तुम्हाला येतं असं ऐकलं. चित्राच्या बाजूनं अक्षरं वळवायची असतात, ती कशी वळवायची हो?"

"बसा की," अक्का म्हणाली. "मला पन नीट येत न्हाई. पर दोघं मिळून बघू."

वाघ बसला. दोघांच्या मधे जागा होती. तिथे बंडोपंत येऊन उभे राहिले, गेल्या वर्षाहूनही गोल झालेले. त्यांनी एकीकडून अक्काच्या पाटीत पाहिलं, दुसरीकडून वाघाच्या पाटीत पाहिलं, आणि निवांत मान खाली घालून पाणी पिऊ लागले.

तात्पर्य, पण ते तुम्हाला वाटतंय ते नाही. तुम्हाला वाटलं असेल, सजावटीच्या नादी लागू नये, मजकूर नीट वाचावा. छे! मजकूर बरोबर होता तेव्हा मगर उपाशी होती आणि जंगल चिखल पीत होतं. नीट वाचणारी एक टिटवीच होती, आणि तिलाही शेवटी चौकटच ढकलावी लागली. तेव्हा बाळांनो, उद्या कुणी तुम्हाला खायला उठलं, तर ओरडू नका, पळू नका, संदर्भही देऊ नका. त्याच्या पाटीत हळूच डोकावा आणि म्हणा, "हे जरा डावीकडे गेलंय का हो?"